आमची वाटचाल: मदेरा आणि वहीतलं ‘वारा’ खातं

पुण्यात दीड खोलीच्या ऑफिसातून आम्ही नवरा-बायको सहली काढायला लागलो, तेव्हा केरळ, राजस्थान आणि फार तर दुबई एवढाच पसारा होता. मोठ्या कंपन्यांशी दरात टक्कर घेणं आपल्याला झेपायचं नाही, हे दोन मोसमांत कळलं. मग त्यांची पंचेचाळीस आसनी बस जिथे वळणारच नाही अशी जागा शोधली. ती निघाली थेट अटलांटिकात, पोर्तुगालचं मदेरा बेट.

पहिल्याच सहलीत तोंड पोळलं. लिस्बनहून मदेराची राजधानी फुंशाल विमानाने पावणेदोन तासांवर. पण तिथली धावपट्टी डोंगर आणि समुद्राच्या चिमटीत आहे. २००० साली ती वाढवली, तीही काँक्रीटच्या १८० खांबांवर. आडवा वारा सुटला की विमान उतरत नाही. आमच्या विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि चौदा माणसांसकट परत लिस्बन गाठलं. त्या रात्रीचं हॉटेल आणि जेवण आमच्या खिशातून. बायकोने हिशोबाच्या वहीत नवं खातं उघडलं: ‘वारा’. ते अजून चालू आहे. तेव्हापासून जाताना-येताना लिस्बनला एक दिवस राखीव ठेवतो. लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसरा धडा जेवणाचा. बेटाची शान म्हणजे खोल समुद्रातला काळा लांबोडा ‘एश्पादा’ मासा, वर तळलेलं केळं. आणि तमालपत्राच्या काडीवर भाजलेलं गोमांस. आमच्या गटातले निम्मे शाकाहारी! त्यांना तारलं ‘बोलो दो काको’ने. रताळं घालून मळलेला, तापलेल्या दगडावर भाजलेला चपटा पाव, आत लसणीचं लोणी. सोबत ‘मिल्यो फ्रितो’, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड थापून, वड्या पाडून तळलेली. आत चरबी किंवा मटणाचं पाणी नाही ना, एवढं आधी विचारून घेतो. ठेच्याची बरणी आमची.

एका डिसेंबरात मडगावच्या काकू बरोबर होत्या. वाइन आणि लसणीत मुरवलेलं डुकराचं मांस तिथे नाताळाला करतात, ‘कार्न द विन्या द’आल्योश’. पहिला घास घेऊन काकू थांबल्या. ‘‘हें आमचें विंदालू न्हय?’’ बरोबरच होतं. पोर्तुगीज हाच पदार्थ गोव्याला घेऊन आले, तिथे वाइनच्या जागी माडाचा व्हिनेगर आला आणि मिरची पडली. काकूंच्या मते मदेराचं ‘आजाऱ्याचं जेवण’.

पण माझ्या मते खरं मदेरा लेवादांवर. लेवादा म्हणजे पाट. उत्तरेचा भाग पावसाळी, शेती-वस्ती दक्षिणेला दाट. म्हणून डोंगरकडे खोदून पाणी इकडे वळवलंय. काठाने हातभर रुंद पायवाट, एका अंगाला वाहतं पाणी, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधूनच बोगदा, त्यात टॉर्च लागतोच. पाणी वाटून देणारा तिथे ‘लेवादेइरो’. मी सांगायच्या आत संगमनेरचे एक काका म्हणाले, ‘‘म्हणजे पाटकरीच की!’’ आणि मग वाटाड्याला पाळी किती दिवसांनी, रात्रीचं पाणी कोण धरतं, असं विचारत राहिले. मी दुभाषा. धबधबा बघायला पोचलो तेव्हा दुपारचे दोन, डबे थंडगार. त्या दिवसापासून गट बाराचाच ठेवला. अरुंद पाटावरून त्याहून मोठी रांग नेणं धोक्याचं, आणि असे काका असले तर वेळही हवा.

सांतानाची त्रिकोणी गवती घरं, पोर्तो मोनिझचे लाव्हाच्या खडकातले पोहण्याचे डोह, १८१८ मीटरवरच्या पिको दो आरिएरोचा सूर्योदय हे सगळं दाखवतोच. मोंतेहून उतरणारी वेताची घसरगाडी मात्र ऐच्छिक ठेवलीय. दोन माणसं जाड रबरी तळव्याचे बूट रोवून, तेच ब्रेक, ती चालत्या रस्त्यावरून खाली आणतात. मी एकदाच बसलो. बायको दर वेळी बसते.

यंदाच्या मार्चात वाऱ्याने पुन्हा एक रात्र खाल्ली. राखीव दिवस होता, म्हणून खात्यात फक्त टॅक्सीचं भाडं पडलं.