माईक कोणता घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, माईक कोणता घेऊ?" आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच. भजनी मंडळातली पोरं विचारतात, नवे कीर्तनकार विचारतात, एका लग्नात तर वाढप्यानं वरणाची बादली हातात धरून विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत पंगत तशीच थांबली. कारण काय तर परभणीत माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथं मी अभंग, गवळणी, भारुडं, कधी एखाद्या शाळेचं स्वागतगीत असं रेकॉर्ड करून देतो. तिला स्टुडिओ म्हणायला मला लाज वाटते, पण पोरं म्हणतात तर म्हणू द्या.

उत्तर सांगतो, पण आधी माझी फजिती ऐका. पहिला माईक मी 15 हजारांचा कंडेन्सर घेतला, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा, हप्त्यावर. मुहूर्त म्हणून मोठ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या ठरवल्या, तिला खुर्चीवर बसवलं, पंखा बंद केला, दार लावलं. मे महिना होता. दुसऱ्याच ओवीला ती म्हणाली, "पंखा काहून बंद केलास रे, उकडून मरायले ना मी." तरी तिनं चार-पाच ओव्या म्हटल्या बिचारीनं. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, शेजारच्यांचा कूलर, भिंतीवरचं घड्याळ, कुणीतरी बुलेट चालू करत होता ते, सगळं स्वच्छ आलेलं, आणि मोठ्या आईचा आवाज मात्र रांजणात तोंड घालून गायल्यासारखा. मला वाटलं माईक खराब निघाला. माईक खराब नव्हता हो, माईक चांगला होता, अडचण तीच होती. चांगल्या कंडेन्सरला जास्त ऐकू येतं, आणि आपल्या घरात न ऐकण्यासारखंच जास्त असतं.

म्हणून आता कुणी माईक विचारला की मी म्हणतो, खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एक कडक टाळी वाजवा. टाळी वाजून गप झाली तर ठीक. तिच्या मागं टर्रर्र असं शेपूट आलं तर तो आवाज समोरासमोरच्या दोन भिंती एकमेकींकडं फेकत बसल्यात, आणि लाखाचा माईक आणला तरी ते शेपूट त्यात येणारच. आपल्याकडं तर खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, बाजूला गिलावा करून ऑइलपेंट मारलेल्या भिंती, म्हणजे आवाज पिणारं खोलीत काहीच नाही.

माझी खोली दहा बाय दहा, उंचीपण दहाच. यापेक्षा वाईट माप नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या जरा वर, भिंतीपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटरच्या जरा वर, त्या हिशोबानं 56 हर्ट्झच्या (सेकंदाला 56 कंपनांच्या) आसपास आणि त्याच्या पटीत खोली स्वतःच घुमायला लागते, आणि तिन्ही मापं सारखी म्हणल्यावर तिन्हीकडून एकाच ठिकाणी घुमते. पखवाज लावला की हे लगेच कळतं. कोपऱ्यात बसवला तर धुमाळीचा नुसता गडगडाट, बरोबर मध्ये बसवला तर पखवाजी जीव तोडून वाजवतोय आणि रेकॉर्डिंगमध्ये खालचा भरणाच गायब. म्हणून मध्येही नाही आणि कोपऱ्यातही नाही, एका भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर बसवतो. हे पुस्तकातून नाही, पखवाजीला खोलीभर फिरवून कळलं, तो अजून त्यावरून चिडवतो.

उपाय आपल्या घरातच आहे. गोधडी. जुन्या लुगड्यांची, चार-पाच पदरी, जड. पण बरेच जण ती चुकीच्या ठिकाणी लावतात. माईकच्या मागच्या भिंतीला लावतात, मला व्हॉट्सअपला फोटोपण पाठवतात. साध्या कार्डिऑइड माईकला मागचं कमी आणि समोरचं जास्त ऐकू येतं, आणि त्याच्या समोर कोण, तर गाणारा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. तर गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागं पाहिजे, तीपण भिंतीला चिकटवून नाही, दोरी बांधून भिंतीपासून वीतभर पुढं. मधल्या त्या हवेमुळं जरा खालचे आवाजपण शोषले जातात. मी पुढं गादीवाल्याकडून दोन बाय चार फुटांच्या सहा चौकटी कापूस ठासून भरून घेतल्या. तो विचारत होता एवढ्या अरुंद गादीवर झोपणार कोण. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावू नका, त्यानं फक्त खोली स्टुडिओसारखी दिसते. आणि कापूस बोर्डापासून, दिव्यापासून लांब ठेवा, हे हसण्यावारी नेऊ नका.

बाहेरचा आवाज मात्र गोधडीनं थांबत नाही. त्याला जाड भिंत लागते, ती आपल्याकडं नाही, मग वेळ बदलायची. मी पहाटे चारला रेकॉर्डिंग ठेवतो. काकड्याला उठणारी माणसं असतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट गळा तेव्हाच चांगला लागतो म्हणतात.

आणि लाईट. खरं सांगतो, लाईट गेली की माझं रेकॉर्डिंग सर्वांत चांगलं होतं. कूलर बंद, गिरणी बंद, मोटारी बंद. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारा डबा, लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो, कंडेन्सरला लागणारे 48 व्होल्टपण तो त्यातूनच तयार करून देतो. शिवाय ती घूं अशी बारीक घरघर जाते. ती आपली 50 हर्ट्झची लाईन असते, घराला अर्थिंग नीट नसलं की आवाजात शिरते. तुमच्याकडं येत असेल तर चार्जर काढून बघा, गेली तर माईकला दोष देऊ नका, वायरमनला बोलवा.

लेव्हलचं एकच सांगतो. आपली माणसं देवळात बिनमाईकची गाणारी, टिपेला गेली की काटा लालमध्ये. तिथं आवाज एकदा फाटला की शिवता येत नाही. 24 बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठा आवाज काट्यावर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्याला आवाज फाटतो), कमी वाटलं तर नंतर वाढवता येतं. टाळकऱ्यांना दाराजवळ बसवा, नाहीतर सगळ्या अभंगभर टाळच ऐकू येतात. आणि उन्हाळ्यात पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमला, लावलेली कणीक वाळते, दुसऱ्या टेकला धुम वेगळाच लागतो, मग आधीचा आणि नंतरचा तुकडा जोडला की सांधा कळतो. ओली कणीक वाटीत झाकून शेजारी ठेवा.

मोठ्या आईचं राहिलंच. दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा पहाट होती, गोधड्या होत्या, माईक साधा डायनॅमिक होता, म्हणजे जवळचंच नीट ऐकणारा, तोंडापासून चार बोटांवर. सगळं झकास आणि तिला ओव्याच आठवेनात. पहिली ओळ म्हणायची आणि थांबायची. मग म्हणाली, "खुंटा हातात असल्याबिगर येत नाही रे." मागच्या वेळेला आलेल्या चार-पाच ओव्या पण पाठच्या होत्या म्हणे, बाकीच्या हातात असतात. मग गावाकडून जातं आणलं, दोघांनी उचलून जिना चढवलं. फरशीवर ठेवून फिरवलं तर त्याची घरघर फरशीतून स्टँडमध्ये, स्टँडमधून माईकमध्ये. जात्याखाली दोन घड्यांची गादी घातली तर ते डुगडुगायला लागलं, तिनं ती काढून टाकायला लावली. शेवटी जातं फरशीवरच ठेवलं आणि माईकच उचलला, स्टँडला सुट्टी देऊन वरच्या हुकाला सुतळीनं टांगला. 80 हर्ट्झच्या खालचं इंटरफेसवरच कापून टाकलं. त्या दिवशी तिनं पायलीभर ज्वारी दळली आणि 62 ओव्या म्हटल्या, मध्ये दोनदा फक्त पाणी मागितलं. भाकरी आम्ही त्याच पिठाच्या खाल्ल्या.

तर माईक कोणता. 20 हजार असतील तर दोन चॅनलचा इंटरफेस, एक डायनॅमिक माईक (शुअरचा एसएम 58 बाजारात आला 1966 साली, तो आजही चालतो, त्यापेक्षा स्वस्तातलेपण चालतात), कान पूर्ण झाकणारा हेडफोन, आणि उरलेल्या पैशाचा कापूस. कंडेन्सर खोली गप झाल्यावर घ्या. फोन करणार असाल तर खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून ठेवा, वर पत्रे आहेत का स्लॅब तेही सांगा, आणि पहाटे चार ते सहा कृपा करून करू नका, मागच्या एकादशीला एका अभंगात तुमच्यापैकीच कुणाची तरी रिंग आहे.