‘हाई बाजू देखा’ : बी.एड.चे पहिले सहा महिने

सीईटी झाली, कॅप राउंडला नंबर लागला आणि धुळ्यातल्या एका कॉलेजात बी.एड.ला प्रवेश मिळाला. माझं गाव साक्री तालुक्यात. घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, शाळेत पुस्तक उघडलं की मराठी. बी.एस्सी. गणितात निभावून गेलं, कारण तिथं बोलायचंच नव्हतं. बी.एड.ला मात्र पहिल्या आठवड्यापासून उभं राहून बोलायचं असतं, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र चेहरे सरळ ठेवून बसलेले असतात.

त्याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. एका वेळी एकच कौशल्य. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक) घ्या, बारा मिनिटांत पाठ नव्याने बांधा, पुन्हा सहा मिनिटं शिकवा, पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्या. छत्तीस मिनिटांचं हे चक्र कागदावर फार सुटसुटीत दिसतं. माझं पहिलं कौशल्य होतं फलकलेखन, विषय पायथागोरसचा सिद्धांत. टाचण पाठ होतं, साडी टाचण्यांनी घट्ट केली होती. काटकोन त्रिकोण काढला, कर्णावर खडू ठेवला आणि तोंडातून गेलं, ‘‘आते हाई बाजू देखा.’’ आता ही बाजू बघा.

वर्ग फुटला. हसणाऱ्यांत निम्मे तरी साक्री-शिंदखेड्याचेच होते, हे मला जास्त लागलं.

प्रत्याभरणाच्या तक्त्यात एकीने लिहिलं, ‘भाषा अशुद्ध’. सर म्हणाले, ‘‘बोली घरी ठेवून यायची.’’ अक्षर, आकृती, फळ्याची विभागणी यांबद्दल अवाक्षर नाही, आणि कौशल्य होतं फलकलेखन! पुढचे दोन महिने मी प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवून मग बोलायची. त्यामुळे पाठ शुद्ध झाले आणि मेलेले झाले. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत मी पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करत असायची, उत्तर ऐकायचीच नाही. गावाकडे जाणाऱ्या एसटीत बसले की जबडा सैल पडायचा.

डिसेंबरात शैक्षणिक सहल निघाली. ठिकाण ठरवण्यावरून भांडणं झाली (मुलांना तोरणमाळ हवं होतं), शेवटी चाळीसगावजवळचं पाटणादेवी ठरलं. प्रासंगिक कराराची एसटी ठरवणं, वर्गणी, पालकांची संमतीपत्रं हे सगळं आमच्याच गळ्यात पडलं. उद्या शिक्षक झालात की हेच करायचंय, असं कारण मिळालं. बावीस-तेवीस वर्षांच्या माणसांनी संमतीपत्रावर वडिलांची सही आणायची, यात काय शिक्षण होतं ते अजून उमगलेलं नाही.

पहाटे सहाला निघालो. चाळीसगावपासून सुमारे 18 किलोमीटर आत, गौताळा अभयारण्याच्या कुशीत चंडिकेचं ते जुनं दगडी देऊळ आहे. गणित ही अध्यापन पद्धती घेतलेल्या आम्हा मुलींना गटकाम मिळालं ते तिथल्या शिलालेखाचं, कारण त्याचा संबंध भास्कराचार्यांशी. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे 1114चा. त्यांचं गाव विज्जलविड नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण त्यांचा नातू चांगदेव याने इथं पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, हे दगडावरच कोरलेलं आहे. लेख शके 1128चा, म्हणजे 1206-07चा. तो उजेडात आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

लेख मुख्यतः संस्कृतात, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. इतिहासाच्या मॅडमनी वाचनाची झेरॉक्स आणली होती. बाजारात येणाऱ्या मालाला त्यात ‘केणें’ म्हटलंय. त्यावरचं जे उत्पन्न राजाचं होतं ते मठाला दिलं, असा मजकूर. मॅडम एकेक शब्द वाचत होत्या. शेवटी आलं, ‘तो मठा दिन्हला’.

मी म्हटलं, ‘‘मॅडम, पुन्हा वाचा ना.’’

‘‘दिन्हला. म्हणजे दिला.’’

आमची आजी म्हणते, ‘तेन्ही माले दिन्हं.’ त्याने मला दिलं. माझ्या शेजारच्या शिरपूरच्या मुलीने मला कोपर मारलं. दोघींच्या डोक्यात एकच आलं होतं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, ‘‘अहिराणीतलं ‘न्ह’ जुनं आहे गं.’’ आणि पुढच्या ओळीकडे वळल्या. मी मात्र तिथंच होते. तो ‘न्ह’ माझ्या तोंडून गेला असता तर तक्त्यात काय लिहिलं असतं, ते मला माहीत होतं.

दुपारी झाडाखाली कळण्याच्या भाकरी आणि घरून आणलेलं वांग्याचं भरीत. भरताच्या डब्यांवरून पळापळी झाली, एक डबा माकडांनी नेला. जेवताना कुणीच मराठी बोलत नव्हतं, सरसुद्धा नाही. सर मूळचे आमच्याच पट्ट्यातले, हे त्या दिवशी कळलं.

सहलीचा अहवाल मी उद्दिष्टं, नियोजन, कार्यवाही, निष्पत्ती अशा साच्यात लिहून टाकला. ‘दिन्हला’चं काही लिहिलं नाही.

जानेवारीत सराव पाठ आले. नववीचा वर्ग, पुन्हा पायथागोरस. यावेळी सुरुवातीला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं गणित घेतलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळापासून सत्तावीस हातांवर, बिळाकडे निघालेला. मोराने तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? मागच्या बाकावरचा एक पोरगा बराच वेळ वहीत खरडत होता. मग म्हणाला, ‘‘बारा.’’ बरोबर होतं. बसता बसता त्याने विचारलं, ‘‘मॅडम, मोर तठेच बठेल व्हता, ते साप तिकडेच कसाले पयना?’’ मोर तिथंच बसला होता, तर साप तिकडेच कशाला पळाला?

वर्ग हसला. सर मागे निरीक्षण वही घेऊन बसले होते.

‘‘त्यान्हं बीळ तठेच व्हतं ना भाऊ,’’ मी म्हटलं आणि फळ्याकडे वळून कर्णावर खडू ठेवला.

वही दुसऱ्या दिवशी हातात आली. सरांनी लिहिलं होतं, ‘उदाहरण चांगले. आकृती मोठी काढावी.’