श्रीरंगपट्टण: कावेरीच्या दोन हातांमधलं गाव

म्हैसूर सोडून वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, गाडीचा आवाज एकदम बदलला. पूल लागला होता. खाली काळे खडक, खडकांमधून वाट काढत जाणारं जानेवारीतलं उतरलेलं पाणी, आणि एका सपाट दगडावर वाळत टाकलेल्या दोन साड्या. पूल संपला आणि रूळ जुन्या किल्ल्याच्या हद्दीत शिरले. आईने विचारलं, "म्हणजे आता आपण बेटावर आलो?" आलो होतो. पण सांगितलं नाही तर कळत नाही. म्हैसूरची सहल करणारे बहुतेक जण टिपूचा महाल, घुमट आणि संगम बघून तीन तासांत परततात. चारी बाजूंनी पाणी असलेल्या गावात आपण हिंडलो, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

कावेरी पश्चिमेकडून येते, इथे दोन शाखांत फुटते आणि पूर्वेला पुन्हा एक होते. मधे उरलेलं बेट साधारण पाच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद आहे. पश्चिम टोकाला किल्ला, त्यात श्रीरंगनाथाचं देऊळ आणि मूळ गाव. मधे टिपूचा महाल असलेली दर्या दौलत बाग, तिच्या पूर्वेला गंजामची जुनी पेठ, मग टिपूच्या कबरीचा घुमट आणि शेवटच्या टोकाला संगम. हा पश्चिम-पूर्व क्रम डोक्यात पक्का ठेवा, पायपीट निम्मी होते. स्टेशन पश्चिमेला आहे, म्हणून देऊळ आणि तट पायी बघा. पुढच्या तीन-चार किलोमीटरसाठी रिक्षा अर्ध्या दिवसाच्या बोलीवर ठरवा. चढण्यापूर्वी सगळी ठिकाणं नावं घेऊन सांगा, त्यात गंजामचं नाव मुद्दाम घ्या. नाहीतर रिक्षा तिथून न थांबता पुढे जाते.

देवळात सकाळीच जा. दुपारी दार बंद होतं ते चारच्या सुमारास उघडतं. आम्ही साडेआठला पोचलो तेव्हा गर्दी नव्हती, आईला शेषशायी रंगनाथासमोर हवा तेवढा वेळ उभं राहता आलं. कावेरीवरच्या तीन रंगनाथांपैकी हा पहिला, आदिरंग. मधला शिवनसमुद्रला आणि शेवटचा तमिळनाडूत श्रीरंगमला. तिन्ही देव नदीच्या बेटांवरच आहेत, हे आईने तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आणून दिलं. गावाला नाव या देवामुळे मिळालं आणि देव इथे आला तो बेटामुळे.

देवळातून तटाच्या उत्तर बाजूला या. माझ्या मते श्रीरंगपट्टणातली सगळ्यात मोलाची जागा ही, आणि इथेच सगळ्यात कमी माणसं असतात. नदी तटाच्या अगदी पायाशी आहे. पाणदरवाजाजवळ उभं राहिलं की या गावाचा दोनशे वर्षांचा लष्करी इतिहास एका नजरेत उलगडतो. पावसाळ्यात कावेरी भरली की किल्ला घेणं जवळपास अशक्य. जून ते ऑक्टोबर नदीच राखण करायची. शत्रूला जे करायचं ते उन्हाळ्यात, पाऊस येण्याच्या आत उरकावं लागे.

आपल्या लोकांनी हे चांगलंच अनुभवलं आहे. १७७१ च्या मार्चमध्ये त्रिंबकराव मामा पेठ्यांनी इथून जवळच, मोती तलावापाशी, हैदर अलीचा सपशेल पराभव केला. हैदर जीव वाचवून या बेटावर आला, मराठ्यांनी वेढा घातला, पण किल्ला हाती लागला नाही. वीस वर्षांनी, १७९१ च्या मे महिन्यात, इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसची फौज अगदी जवळ येऊनही उपासमार आणि पाऊस यांमुळे माघारी फिरली. त्या उपाशी फौजेला वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं सैन्य भेटलं आणि मराठ्यांच्या बाजारातल्या धान्यावर ती सावरली. १७९२ च्या तहात टिपूला अर्धं राज्य आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. आणि ४ मे १७९९ ला, भर उन्हाळ्यात, नदी उतरलेली असताना, इंग्रज भर दुपारी पात्रातून चालत येऊन तटाच्या खिंडारातून आत घुसले. पाऊस महिनाभरावर होता. खिंडाराच्या जागी आता एक स्तंभ आहे. त्याच्या बाजूने नदीच्या पलीकडच्या काठाकडे बघा. अंतर किती थोडं आहे ते बघून छातीत धस्स होतं.

पण मला या सहलीत लढाईपेक्षा जास्त छळलं ते एका आकड्याने. टिपू पडल्यानंतर वर्षभरात, १८०० साली, फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश वैद्य इथे आला. त्याने घरं मोजली: किल्ल्यात ४,१६३ आणि गंजाममध्ये २,२१६. घरटी पाच माणसं धरून त्याने बेटाची वस्ती ३१,८९५ काढली, तीही शिबंदी वगळून आणि राजधानी हललेली असताना. पुढे १९०१ च्या खानेसुमारीत गावात माणसं उरली ८,५८४. आणि २००१ च्या जनगणनेत तेवीस हजारांच्या थोडी वर. म्हणजे दोनशे वर्षं गेली, देशाची लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली, आणि हे गाव मात्र पराभवाच्या दुसऱ्या वर्षी जेवढं होतं तेवढंही पुन्हा भरलं नाही. पंधरा-सोळा किलोमीटरवरचं म्हैसूर २०११ च्या जनगणनेत नऊ लाखांच्या आसपास पोचलं होतं.

कारणं बेटावर फिरताना समोर येत जातात. एक तर १७९९ मध्ये वाडियार राजांची राजधानी म्हैसूरला गेली, दरबार गेला, दरबारावर पोसलेले कारागीर आणि व्यापारी गेले. टिपूचा लाल महाल पाडला गेला, त्याची आता जोती दिसतात. दुसरं म्हणजे ताप. चारी बाजूंनी पाणी, वर कालवे. इंग्रज शिबंदीतली माणसं हिवतापाने मरत राहिली आणि १८११ पर्यंत फौज बंगळूरला हलवली गेली. बंगळूर लष्करी शहर झालं त्याच्या मुळाशी या बेटावरचे डास आहेत. जी नदी शत्रूला अडवत होती तिनेच गावाला आजारी केलं.

गॅरिसन सिमेट्रीत हे डोळ्यांनी दिसतं. तीनशेवर कबरी आहेत, कितीतरी द म्यूरॉन या मूळ स्विस पलटणीतल्या माणसांच्या आणि त्यांच्या बायकामुलांच्या. एका छोट्या कबरीवरची अक्षरं इतकी झिजली आहेत की हात फिरवल्यावरच वय लागतं. आई त्या दगडाजवळ बराच वेळ थांबली. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि काही बोलली नाही.

गंजामला जाच. टिपूने सिरा या शहरातून बारा हजार कुटुंबं सक्तीने आणून ही पेठ वसवली, असं इतिहास सांगतो. आज ती शांत वस्ती आहे: कौलारू घरं, नदीकाठी निमिषांबेचं देऊळ, आणि फ्रेंच धर्मोपदेशक ॲबे द्युबुआशी नाव जोडलेलं चर्च. आमचे रिक्षावाले काका इथलेच. मोडक्या हिंदीत आईला म्हणाले, "अम्मा, मुलं म्हैसूरला कामाला जातात, रात्री झोपायला येतात." मला तर ते बुकाननच्या आकड्यांचं पुढचं पान वाटलं.

दर्या दौलतीला गर्दी असते, म्हणून अकराच्या आत उरका. लाकडी महाल १७८४ चा. बाहेरच्या भिंतीवर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचं मोठं चित्र आहे. उन्हापासून वाचवायला पडदे सोडलेले असतात, तेव्हा डोळे सरावेपर्यंत थांबा, घाईत फक्त हत्ती दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत. घुमटात हैदर, टिपू आणि टिपूची आई फातिमा यांच्या कबरी आहेत. जोडे काढावे लागतात आणि दुपारी फरशी चटके देते, तेव्हा पायमोजे सोबत ठेवा.

संगमावर रिक्षावाले आणि पाट्या 'तीन नद्यांचा संगम' सांगतात, कावेरी, हेमावती आणि कबिनी. श्रद्धेला माझा नमस्कार आहे, पण भूगोल वेगळा आहे. हेमावती वर कृष्णराजसागर धरणाच्या पाण्यातच कावेरीला मिळते आणि कबिनी खाली तिरुमकूडलू नरसीपूरला. इथे मिळतात त्या कावेरीच्याच दोन शाखा, बेटाला वळसा घालून आलेल्या. मला तर हेच जास्त सुंदर वाटतं. पाण्यात मात्र उतरू नका. वर पंधराएक किलोमीटरवर धरण आहे, विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं, आणि खडकांमध्ये भोवरे आहेत. आईने काठावर बसून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, तेवढं पुरे.

दोन गोष्टी सहज राहून जातात. उत्तरेच्या शाखेवरचा वेलस्ली पूल, दिवाण पूर्णय्यांनी १८०४ मध्ये बांधलेला: एकसंध दगडी खांब, त्यांवर दगडी तुळया. आणि टिपूचं एक दारूगोळ्याचं कोठार. रेल्वेच्या दुहेरी मार्गाच्या आड येत होतं म्हणून २०१७ मध्ये सुमारे हजार टनांची ही वास्तू सबंध उचलून शंभर मीटरच्या वर सरकवली. जागा विचारली की स्टेशनजवळचे लोक हौसेने दाखवतात.

रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य याच दिवसात कोंबू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा. सतराव्या शतकात नदीवर बांध घातल्याने तिथली छोटी बेटं तयार झाली आणि सालीम अलींच्या आग्रहामुळे १९४० मध्ये अभयारण्य झालं. हिवाळ्यात चित्रबलाक आणि चमचे या पक्ष्यांची गर्दी, खडकावर मगरी. धरणातून जास्त पाणी सोडलं की नावा बंद ठेवतात, म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी चौकशी करा.

गाडीने बंगळूरहून येत असाल तर नवा द्रुतगती मार्ग गावाला बाजूला ठेवून जातो, तेव्हा फाट्यावर लक्ष ठेवून जुन्या रस्त्याला लागा. त्या मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. म्हैसूरहून साधी बस किंवा पॅसेंजर गाडी हीच उत्तम. एप्रिल-मे टाळा. ऑगस्टमध्ये नदी बघण्यासारखी असते, पण तटाजवळ निसरडं होतं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर डिसेंबर-जानेवारीच बरं.

संध्याकाळी करीघट्टच्या टेकडीवर जा. बेटाच्या ईशान्येला, लोकपावनी नदीपल्याड. वरपर्यंत रस्ता आहे, आईला चढावं लागलं नाही. वरून बेट ओळखायला वेळ लागतो, कारण सगळीकडे ऊस, भात आणि नारळ, आणि हिरव्यात पाण्याचे दोन पट्टे अर्धवट दिसतात. राजधानी म्हणावं असं काहीच नजरेला पडत नाही. आईने कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ शोधलं आणि मग बोट दाखवलं. "ते बघ गोपुर. तिथून डावीकडे ये, तो पांढरा ठिपका घुमट. आणि त्याच्या पुढे पाणी पुन्हा एक झालंय, दिसलं?"

दिसलं. रिक्षावाले काका खालून हाक मारत होते, साडेसहाची बस गाठायची होती.