तुम्ही विचारलंत म्हणून : प्रमुखाचा लाल डगला

कॅनडात, विनिपेगला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना संग्रहालयात घेऊन जातो, आणि सोनेरी फितीच्या, पितळी गुंड्यांच्या लाल डगल्यापुढे प्रश्न ठरलेला असतो: इंग्रजांनी इथल्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखांना लष्करी पोशाख बक्षीस का दिले, आणि त्यांनी ते घेतले तरी का?

मराठी माणसाला येथे पेशवाईची वस्त्रे आठवतात. साताऱ्याहून वस्त्रे आली की देणारा धनी आणि घेणारा चाकर हे ठरून जात असे. इथे मात्र ही तुलना अर्धीच लागू पडते.

अठराव्या शतकात हडसन उपसागराकाठच्या यॉर्क फॅक्टरी या व्यापारी कोठीत फरचा व्यापार सुरू होण्याआधी इंग्रजांच्या हडसन्स बे कंपनीची माणसे क्री या मूळ रहिवासी जमातीच्या म्होरक्याला जाड लोकरी कापडाचा तांबडा किंवा निळा कोट चढवीत. त्याला पलटणीच्या धर्तीची कॉलर आणि कफ असत, डोक्यावर पिसे खोवलेली हॅट येई. मग चिलीम फिरे आणि म्होरक्याही आपल्या लोकांकडून फरची भेट पुढे ठेवी. म्हणजे देणे दोन्ही बाजूंनी होते.

या व्यापारातले नावाजलेले कापड म्हणजे ग्लॉस्टरशायरचे स्ट्राउड, आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या सकलादीचेच भावंड. रंगवताना त्याचा काठ झाकून पांढरा राखत. इथल्या बायका तो काठ कापून टाकत नसत, उलट पोशाखावर नक्षीसारखा दिसेल असा ठेवीत. मला स्वतःला डगल्यापेक्षा तो काठच अधिक बोलका वाटतो.

पण तुमच्या प्रश्नातला ‘बक्षीस’ हा शब्द खरा अडतो तो पुढच्या शतकात. 1871 साली लोअर फोर्ट गॅरी येथे अनिशिनाबे आणि क्री या जमातींच्या प्रमुखांनी कॅनडा सरकारशी क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या करारांपैकी पहिला करार केला, तेव्हा बोलण्यात कबूल झालेल्या कित्येक गोष्टी कागदावर उतरल्याच नाहीत, आणि प्रमुखाची ओळख पटवणारा पोशाख त्यांपैकीच एक होता. प्रमुखांनी ही तक्रार सोडली नाही. अखेर 1875 मध्ये सरकारला ती आश्वासने कराराचा भाग म्हणून मान्य करावी लागली. 1876 च्या सहाव्या करारात तर प्रमुखाला निशाण व पदक आणि दर तीन वर्षांनी नवा पोशाख, असे कलमच आहे. दर तीन वर्षांनी हक्काने मागता येणारे बक्षीस मी तरी अजून पाहिलेले नाही.