रँक, फुरसत आणि रात्रीचे ओलीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमचे लहानसे गाव आहे आणि तिथे मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांचे दोन पक्ष आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दिसत नाही इतका कडवटपणा या दोन पक्षांत दिसतो. पॉइंट मिळवून खेळातली पायरी, म्हणजे रँक, वाढवणाऱ्यांना ‘रँकवाले’ म्हणतात आणि नुसत्या करमणुकीसाठी खेळणाऱ्यांना ‘टाइमपासवाले’. पानठेल्यावर बसून रँकवाले सांगतात, की टाइमपासवाला स्क्वॉडमध्ये, म्हणजे चौघांच्या संघात, घेतला की आठवडाभराचे पॉइंट एका संध्याकाळी जातात. टाइमपासवाल्यांचे उत्तर असे, की या लोकांनी खेळाची नोकरी करून टाकली आहे आणि पगार मात्र कुठेच दिसत नाही. मी चाळिशीला टेकलेला, दिवसभर कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसणारा आणि रात्री जमेल तसा बीजीएमआय (पब्जी या मोबाइलवरच्या बंदूकबाजीच्या खेळाची भारतीय आवृत्ती) खेळणारा माणूस असल्यामुळे दोन्ही पक्ष मला आपला साक्षीदार समजतात. हा वाद मुळात आमच्या गावचा नाही, तो ऑनलाइन खेळांइतकाच जुना आहे. त्यात कसब आणि फुरसत या दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात, असे माझे मत होत गेले आहे.

ऑनलाइन खेळांच्या आरंभापासूनच सगळे खेळाडू एका जातीचे नव्हते. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी केवळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा ‘मड’ हा खेळ सुरू केला. पुढे १९९६ साली बार्टल यांनी अशा खेळांतल्या खेळाडूंचे चार प्रकार मांडले. कुणाला पराक्रम गाजवायचा असतो, कुणाला ते जग धुंडाळायचे असते, कुणी चार माणसांत बसायला येतो आणि कुणाला दुसऱ्याला लोळवण्यातच आनंद असतो. आमच्या पानठेल्यावर हे चारही प्रकार एकाच बाकावर सापडतात, फक्त त्यांना ते माहीत नसते.

या भांडणाचा सर्वांत बोलका इतिहास मात्र ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचा आहे. २००४ च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला तेव्हा त्यातल्या मोठ्या मोहिमांना एकाच वेळी चाळीस खेळाडू लागत. चाळीस माणसे एकाच संध्याकाळी, एकाच घटकेला, तीन-चार तासांसाठी घरच्या कामातून मोकळी करून बसवायची, हे कसब तलवारबाजीचे नसून लग्नाच्या वऱ्हाडाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाचे आहे. २००६ साली त्यात नॅक्सरामस नावाची मोहीम आली आणि ती इतक्या थोड्या लोकांना पाहायला मिळाली, की कंपनीने २००८ साली तीच मोहीम दहा आणि पंचवीस जणांसाठी सोपी करून पुन्हा आणली. २०११ च्या अखेरीस तर अनोळखी माणसांचा गट आपोआप जुळवून देऊन मोहिमेची सौम्य आवृत्ती दाखवणारी सोय आली. जुन्या खेळाडूंनी त्यावर मोठा गहजब केला, की आता कुणीही ऐरागैरा येऊन आमचे वैभव पाहून जातो.

त्यांच्या या तक्रारीचे मोल पुढे एका घटनेने बरेच कमी केले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने जुन्या खेळाची ‘क्लासिक’ आवृत्ती बाजारात आणली. तिच्यातली मोल्टन कोअर ही चाळीस जणांची मोहीम, जी पहिल्या वेळी पुरी करायला खेळाडूंना काही महिने लागले होते, ती एका चमूने आठवड्याच्या आत संपवली. मधल्या पंधरा वर्षांत सगळी माहिती जमा झाली होती आणि या आवृत्तीत काही गोष्टी मूळ आरंभीच्या खेळापेक्षा सोप्याही होत्या, हे खरे आहे. तरीही एवढे उघड झाले, की ज्याला सगळे अवघड लढाई म्हणत होते त्यातला मोठा वाटा माणसे जमवण्याचा, सामान गोळा करण्याचा आणि रात्रीमागून रात्री देण्याचा होता. खरोखर कठीण लढाई ज्यांना हवी त्यांच्यासाठी वीस जणांची ‘मिथिक’ श्रेणी या खेळात २०१४ पासून आहे आणि सौम्य आवृत्ती शेजारी असल्यामुळे तिचे काही बिघडलेले नाही.

समोर यंत्र नसून माणूस असतो तिथे मामला वेगळा होतो, कारण तिथे काठिण्य कंपनी ठरवत नाही, समोरचा खेळाडू ठरवतो. म्हणून कुणाला कुणासमोर बसवायचे हाच मुख्य प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर बुद्धिबळाने आधीच शोधून ठेवले होते. अर्पाद एलो या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी तयार केलेली गुणांकन पद्धत १९७० साली फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने स्वीकारली. तिचे सूत्र साधे आहे. बलवानाने दुबळ्याला हरवले तर गुण जेमतेम हलतात आणि दुबळ्याने बलवानाला हरवले तर चांगलेच हलतात. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ च्या जुलैमध्ये बटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्याहून वरच्या गुणांकनाच्या खेळाडू तिने वाटेत हरवल्या होत्या, हे वर्तमानपत्रात वाचून गावातल्या ज्या पोरांना बुद्धिबळाचा घोडा कसा चालतो ते ठाऊक नाही, त्यांनाही रेटिंग म्हणजे काय ते कळले. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स या आपल्या खेळाच्या यंत्रासाठी ‘ट्रूस्किल’ नावाची पद्धत केली, तिने याच विचारात दोन गोष्टींची भर घातली. एक तर संघाच्या निकालावरून एकेकट्याचा अंदाज बांधायचा आणि दुसरे म्हणजे त्या अंदाजाबद्दल आपली खात्री किती आहे तेही सोबत मोजत राहायचे. नव्या खेळाडूबद्दल खात्री कमी असते, म्हणून त्याचे गुण भराभर हलतात. जुन्याचे सावकाश हलतात.

आपल्याकडे हे शहाणपण शंकरपटात पूर्वीपासून आहे. पटात गावच्या जोड्यांचा गट वेगळा ठेवतात, कारण जो शेतकरी आठवडाभर त्याच बैलांनी डवरणी करतो त्याची जोडी, केवळ पटासाठी खुराक देऊन पोसलेल्या लाखमोलाच्या जोडीसमोर सोडण्यात कुणालाच गंमत वाटत नाही. प्रेक्षकालाही नाही. गावगटातल्या शर्यतीत चुरस कमी असते असे मात्र पट पाहिलेला कोणी म्हणणार नाही.

तरीही वेगळे गट नकोत असे म्हणणाऱ्यांची बाजू पूर्णपणे टाकाऊ नाही. प्रत्येक डावात आपल्याच ताकदीचा माणूस समोर आला तर चांगल्या खेळाडूला कधीच उसंत मिळत नाही आणि आपण सुधारलो हे त्याला जाणवतही नाही, कारण तो सुधारतो तसा समोरचाही वाढत जातो. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या बंदूकबाजीच्या खेळाच्या खेळाडूंची ही तक्रार अनेक वर्षांची आहे. २०२४ साली ॲक्टिव्हिजन कंपनीने आपल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही खेळाडूंसाठी त्यांनी गुपचूप जोड्या लावताना कसबाचे वजन कमी केले होते. त्यानंतर डाव अर्धवट सोडण्याचे प्रमाण वाढले, आणि सर्वांत वरचे दहा टक्के वगळता बाकीच्या नव्वद टक्क्यांचे परत येण्याचे प्रमाण घटले. आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, तेव्हा ते त्या हिशेबानेच घ्यावेत, पण त्यामागचे कारण कुणालाही पटण्यासारखे आहे. सर्वांत कच्चे खेळाडू निघून गेले की त्यांच्या वरचे जे थोडे बरे होते तेच आता तळाला येतात, मग त्यांचा रोज चेंदामेंदा होतो, मग तेही जातात. अशा रीतीने खेळ खालून रिकामा होत गेला, की सहज जिंकण्याची इच्छा धरणाऱ्या रँकवाल्याला शेवटी दुसरा रँकवालाच भेटतो.

बीजीएमआयमध्ये यावरचा उपाय बॉटचा आहे. शंभर जणांच्या डावात ब्राँझ-सिल्व्हर या सर्वांत खालच्या रँकवर पुष्कळसे शत्रू यंत्रानेच चालवलेले असतात. ते सरळ रेषेत धावतात, उघड्यावर थांबतात आणि आपल्याला नेमबाज झाल्याचा भास देतात. नवख्याला उभे राहायला हा आधार चांगला असला, तरी मला ही फसवणूकच वाटते, कारण आपण माणसाला मारले की यंत्राला हे खेळ स्पष्टपणे सांगत नाही. पुढे प्लॅटिनम-डायमंडकडे माणसे वाढत जातात, क्राउन आणि एसपाशी डाव रंगतो, आणि सर्वांत वरच्या कॉन्कररला तर पहिल्या पाचशेंतच जागा असते. माझा पुतण्या एसला पोचलेला आहे. तो मला स्क्वॉडमध्ये घेतो तेव्हा उतरण्याआधीच बजावतो, “काका, तुमी काहून पोचिंकीत उतरता? मांगंच राहा, समोरचं मी पायतो.” पोचिंकी हे खेळाच्या नकाशातले गाव. मग मी त्या गावाबाहेरच्या एखाद्या घरात पट्ट्या आणि गोळ्या गोळा करत बसतो, आणि त्याच्या पातळीचे शत्रू येऊन मला त्या घरातच संपवतात.

आता रँक नेमके काय मोजते, याचा एक नमुना सांगतो. फेब्रुवारीत गव्हाला पाणी द्यायचे असते आणि शेतीपंपाला पाळीने रात्रीची वीज येते. पुतण्याचा एक मित्र, क्राउनवर असलेला आणि माझ्या मते एसवाल्यांपेक्षा चांगला नेमबाज, मोटर सुरू करून धुऱ्यावर पळसाखाली बसतो, कारण शेतात तिथेच पिंग, म्हणजे नेटवर्कच्या उशिराचा आकडा, शंभराच्या आत राहतो. विहिरीजवळ गेले की आकडा लाल होतो. एका सरीतून पाणी शेवटपर्यंत पोचायला जो वेळ लागतो त्यात त्याचा अर्धा डाव होतो. ओल्या चिखलाचे बोट काचेवर नीट चालत नाही, म्हणून तो दर वेळी अंगठा पँटला पुसून घेतो. एका रात्री शेवटच्या झोनमध्ये (खेळातले आकसत जाणारे वर्तुळ, त्याबाहेर राहिलेला मरतो) चौघे जिवंत असताना पाण्याचा दांड फुटला. आपला गडी गवतात आडवा झोपवून, फोन धुऱ्यावर ठेवून तो फावडे घेऊन धावला. परत आला तोवर झोनने त्या गड्याला मारले होते आणि कानातल्या इअरफोनमध्ये तिघेही साथीदार त्याच्या नावाने शंख करत होते. त्या डावातले पॉइंट त्याच्या नेमबाजीमुळे गेले असे म्हणणारा माणूस आमच्या पानठेल्यावर तरी सापडू नये.

फोनचाही हिशेब यात धरावाच लागतो. ज्याच्या फोनमध्ये जायरोस्कोपच, म्हणजे फोन कलल्याचे ओळखणारा भागच, नाही, त्याने बंदुकीचा धक्का केवळ अंगठ्याने सावरायचा आणि जो सेकंदाला नव्वद चित्रे दाखवणारा, नव्वद फ्रेमचा फोन मनगटाने कलता करून नेम धरतो त्याच्याशी लढायचे. २०२० च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली तेव्हा आमच्याकडची बरीच पोरे फ्री फायरकडे वळली होती, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्या खेळावरही बंदी येईपर्यंत ती तिथे सुखात होती. तो खेळ स्वस्त फोनवर चालत असे, पन्नास जणांचा डाव दहा-पंधरा मिनिटांत आटोपत असे आणि जेवायला हाक आली तर डाव संपवून उठता येत असे. रँकवाले त्याला पोरखेळ म्हणून हिणवत. पण शेवटच्या पाच जणांत टिकणे तिथेही सोपे नव्हते, ज्याने खेळून पाहिले त्याला ते ठाऊक आहे.

माझा खरा राग सीझनवर आहे. साधारण दोन महिन्यांनी सीझन बदलतो आणि सगळ्यांच्या रँक खाली ढकलल्या जातात. सोयाबीन काढायचे, कापूस जिनिंगला न्यायचा, तूर सवंगायची, असे तीन-चार महिने ज्याच्या अंगावर असतात, तो पोरगा हे सगळे आटोपून खेळात परत येतो तेव्हा त्याची रँक घसरलेली असते आणि ती पुन्हा वर न्यायला त्याला डावांमागून डाव खेळावे लागतात. त्यात त्याला नवखेच भेटतात, म्हणजे त्याच्याबरोबर त्यांचाही डाव नासतो. बुद्धिबळात असे होत नाही. वर्षभर न खेळलेल्या माणसाला फिडे निष्क्रिय म्हणून नोंदते, पण त्याचे गुणांकन जिथल्या तिथे राहते. तो परत आला की जिथून उठला तिथेच बसतो आणि कसब उतरले असेल तर हरून हरून गुण आपोआप खाली येतात. खेळाच्या कंपन्यांना हे गणित येत नाही असे कोण म्हणेल? सीझन नवा झाला की रॉयल पास, म्हणजे बक्षिसे उघडणारा विकतचा पास, नवा विकता येतो, एवढे सरळ कारण त्यामागे दिसते.

‘फोर्टनाइट’ने २०२२ च्या मार्चमध्ये केलेला बदल मला म्हणूनच आवडला. त्या खेळात लढता लढता भिंती आणि जिने बांधावे लागत, आणि मुरलेले खेळाडू डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मजल्यावर मजला चढवत, त्यामुळे साधा माणूस खाली उभा राहून मरत असे. कंपनीने बांधकाम सोपे केले नाही. बांधकामाशिवायचा वेगळा प्रकार शेजारी उघडला आणि जुना होता तसाच ठेवला. दोन्हीकडे हरणारे हरतात, पण आपण कशामुळे हरलो हे त्यांना कळते.

आमच्या गावात पोरांनी रूम कार्ड (खेळात आपला खासगी डाव लावण्याची सोय) वापरून रविवारचे सामने सुरू केले आहेत. प्रत्येक स्क्वॉडमध्ये दोन रँकवाले आणि दोन टाइमपासवाले असलेच पाहिजेत, आणि टाइमपासवाल्याने मारलेल्या गड्याचे दुप्पट पॉइंट धरायचे, असा नियम पानठेल्यावर ठरला. तो मोडायलाही फार वेळ लागला नाही. एका स्क्वॉडने टाइमपासवाला म्हणून आणलेल्या पोराने पहिल्याच डावात इतके गडी उडवले, की चौकशी करावी लागली. तेव्हा त्याचे एसवरचे खाते वेगळे असून सिल्व्हरचे हे खाते त्याने खास रविवारसाठी काढल्याचे उघड झाले. त्याचे म्हणणे असे, की रँकवाल्या खात्यावर तो दिवाळीपासून खेळलेलाच नाही, तेव्हा आता तो टाइमपासवालाच धरावा. यावर निकाल मी द्यावा, असे दोन्ही पक्ष म्हणत आहेत.