तुम्ही विचारलंत म्हणून: तीन दिवस ओझं वाहून काय मिळतं?

ऑफिसात, लग्नकार्यात, परवा तर दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं. राजगड-तोरणा-रायगड ट्रेक, तीन दिवस, पाठीवर बारा किलो. रायगडाला तर रोपवे आहे, मग हे कशाला?

आधी मी "फिटनेस राहतो" म्हणायचे. लोक गप्प बसायचे, पण ते खरं उत्तर नव्हतं. फिटनेसला पर्वतीच्या पायऱ्या पुरतात.

खरं सांगायचं तर बोराट्याच्या नाळेबद्दल, म्हणजे घाटावरून कोकणात उतरणाऱ्या त्या अरुंद, उभ्या घळीबद्दल सांगावं लागेल, आणि तेच मी टाळत आले.

दुसऱ्या दिवशी तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरतानाच उजवा गुडघा बोलायला लागला होता. मोहरी गावात मुक्कामाला पोचेपर्यंत सुजला. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सॅक काढून घेतली असती, आणि बावीस वर्षांत मी माझी सॅक कुणाला दिली नव्हती. सकाळी नाळेत शिरलो. दोन्ही अंगांना कातळ, समोर लिंगाण्याचा सुळका, पायाखाली नुसते सुटे धोंडे. तिथे माणसं एकाखाली एक असतात, म्हणून वरच्याने पाय जपून टाकायचा. मी उजवा पाय वाचवत सगळा भार डाव्यावर टाकत होते. नारळाएवढा दगड निसटला. "दगड!" ओरडले खरी, पण तोवर तो दोन टप्पे घेऊन गेला होता. खाली माझा भाचा. एकोणीस वर्षांचा, माझ्या भरवशावर ताईने पाठवलेला. त्याने डोकं बाजूला घेतलं. दगड मनगट सोलून गेला. रक्ताचे ओघळ धुळीत मिसळत होते आणि तो वर बघून विचारत होता, "मावशी, तू ठीक आहेस ना?"

मी सॅक उतरवली. चौघांनी सामान वाटून घेतलं. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. पाने गावात एका आजींनी ओसरीवर बसवून पाणी दिलं. तो गार तांब्या मी दोन्ही हातांनी धरून बसले, प्यायचं सुचेना. रायगडावर मी तुम्ही म्हणता त्या रोपवेनेच गेले.

मग आता पुरे कर, असं ताई म्हणते. तिचा हक्क आहे.

पण तोरण्यावरून सकाळी मागे पाहिलं की राजगड दिसतो. काल आपण तिथून चालत आलो, हे पायांना ठाऊक असतं. दुसऱ्या रात्रीनंतर डोक्यातली बडबड थांबते. एका दिवसाच्या ट्रेकला थांबत नाही, मन परतीच्या गाडीत बसलेलं असतं. हे मला दुसरीकडे कुठेच मिळालेलं नाही. यासाठी कुणाचं मनगट सोलावं का? नाही. तरी जावंसं वाटतं.

पंचविशीतली मी म्हणाली असती, सॅक दिलीस तिथेच तुझा ट्रेक संपला. मी तिला म्हणते, सॅक आदल्या रात्रीच द्यायला हवी होती. ती ऐकत नाही. कधीकधी मलाही तिचंच पटतं.

गेल्या रविवारी भाच्याने विचारलं, "मावशी, यंदा कधी?" ताई शेजारीच मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी अजून तारीख सांगितलेली नाही.