आधी स्वतःला, मग घरमालकीणबाईंना

करणीय मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीवरचं बुद्धांचं पाली सूत्र, मला सहावीत पाठ होतं. लातूरला आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना असायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं शिबिर. न अडखळता सुत्त म्हटलं की वही-पेन बक्षीस. मी दोनदा पटकावलं. अर्थ विचारला असता तर बोंबच होती. पाली म्हणजे आमच्यासाठी ठेवणीतल्या पांढऱ्या साडीसारखी. बारसं, लग्न, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन असलं की बाहेर काढायची, मग परत घडी घालून ठेवायची.

हे नुसतं म्हणायचं नसतं, बसून करायचं असतं, हे कळलं 2017 च्या डिसेंबरात. भाजे लेण्यांच्या पायथ्याजवळ तीन दिवसांचं शिबिर होतं. मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून गेले. थंडी मरणाची. सकाळी सहाला शाल पांघरून तीसेक जणी बसलेल्या, समोर शिकवणाऱ्या धम्मचारिणी ताई. त्यांनी मैत्री भावनेचे, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाचे, पाच टप्पे सांगितले: स्वतः, मग जवळचा मित्र, मग जो आपला ना मित्र ना शत्रू असा कोणी, मग जो आपल्याला खुपतो तो, आणि शेवटी या चौघांना एका पंगतीत बसवून तिथून सगळ्या प्राणिमात्रांकडे जायचं. दर पाच-सहा मिनिटांनी घंटा.

ऑफिसातली एक जण इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आली होती. तिच्याकडे मैत्री आली ती दहाव्या दिवशी, श्वास आणि संवेदना पाहून झाल्यावर. आमच्याकडे पहिल्याच सकाळी, तीही स्वतःपासून.

‘मी सुखी होवो.’ म्हटलं. काही नाही. परत म्हटलं. शाळेतल्या प्रार्थनेसारखं तोंड चालू आणि मन भलतीकडे. त्या भलतीकडे मात्र एक कपाट होतं.

त्या कपाटाबद्दल सांगते. 2009 मध्ये नोकरी लागून मी पुण्यात आले. दोन घरं आधीच हातची गेली होती. गप्पा छान व्हायच्या, मग ‘तुम्ही म्हणजे कोण?’ असं यायचं, मी सांगायचे, आणि ‘कळवतो हं’ म्हणणाऱ्यांचा फोन कधी यायचा नाही. तिसऱ्या घरी आमचं आडनाव उपयोगी पडलं. गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं, त्यावरून काही कळत नाही. मालकीणबाईंनी विचारलं, “तुमच्यात कोण?” मी म्हटलं, “लातूरकडचे.” त्या हसल्या, मीही हसले, अकरा महिन्यांचा करार झाला. बुद्धाची मूर्ती टेबलावर ठेवली, ती कोणाकडेही असते. बाबासाहेबांचा फोटो कपाटात गेला, चादरींच्या खाली.

दिवाळीनंतर दादा, म्हणजे माझे वडील, भेटायला आले. चहा घेतला, चारी भिंती पाहिल्या आणि विचारलं, “बाबासाहेब कुठंयत गं?” मी कपाटाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. पुढे एक शब्द बोलले नाहीत, रात्रीच्या गाडीने परत गेले. 2014 ला ते वारले, विषय तसाच राहिला.

आता फोटो लपवणाऱ्या बाईला ‘सुखी होवो’ कसं म्हणायचं? शिबिरात मी दुसऱ्या टप्प्यावर दादांनाच आणून बसवलं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, “या साधनेत गेलेलं माणूस घेऊ नका, जिवंत माणूस घ्या.” हा नियम पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या पाली ग्रंथातला आहे, आचार्य बुद्धघोषांचा. तेव्हा राग आला. आज वाटतं, बरं झालं. मी मैत्री करत नव्हते, माफी मागत होते.

घरी आल्यावर रोज पहाटे, पाणी यायच्या आधी, वीस मिनिटं बसायला लागले. पहिला टप्पा मी चक्क टाळायचे, घंटा वाजण्याची वाट बघत. पुढच्या शिबिरात ताईंनी कोसलच्या राजा प्रसेनजिताची गोष्ट सांगितली. त्याने मल्लिका राणीला विचारलं, तुला स्वतःपेक्षा प्रिय कोणी आहे का? त्याला वाटलं असेल, म्हणेल ‘आपण, महाराज.’ ती म्हणाली, नाही, कोणीच नाही. बुद्धांनी तिलाच बरोबर ठरवलं, आणि म्हणाले, तसंच प्रत्येकाला स्वतः प्रिय असतो, म्हणून दुसऱ्याला दुखवू नये. गोष्ट आवडली. पण मला मी प्रिय नव्हते, तिथेच तर अडलं होतं.

सुटका झाली ती पाठ असलेल्या सुत्तातूनच. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या टीकेत, त्याची कथा आहे. काही भिक्खू वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, रानात गेले. तिथल्या वृक्षदेवतांना ते नको होते, म्हणून त्यांनी भयानक आवाज, रूपं, दुर्गंध असं काय काय केलं. भिक्खू घाबरून श्रावस्तीला पळून आले. बुद्धांनी त्यांना हे सुत्त शिकवलं आणि त्याच रानात परत पाठवलं. म्हणजे मेत्त सुत्त हे मुळात भीतीवरचं औषध! ‘सुखिनो वा खेमिनो होन्तु’ यातलं ‘खेमिनो’ मी वीस वर्षं नुसतं गडगडत म्हटलं होतं. त्याचा अर्थ सुरक्षित, निर्धास्त.

दुसऱ्या दिवशी ‘सुखी’ सोडून दिलं. ‘मी निर्धास्त असो’ एवढंच म्हटलं. आणि कपाटासमोरची ती सत्तावीस वर्षांची मुलगी दिसली. हातात फोटो, बाहेर जिन्यात मालकीणबाईंच्या चपलांचा आवाज. ती लबाड नव्हती, घाबरलेली होती. तिचं मला वाईट वाटलं, पहिल्यांदाच. त्या दिवशी पाणी भरायचं राहिलं.

पुढचं सगळं असं भरभरून झालं नाही. तिसऱ्या टप्प्यावर तर गंमतच. तटस्थ माणूस म्हणून खालचा इस्त्रीवाला घेतला. महिन्याभरात त्याच्या मुलीची दहावी मला माहीत, म्हणजे तो बाद. मग बसस्टॉपवरची एक बाई, तीही ओळखीची झाली. माझी तटस्थ माणसं अशी संपत जातात, सारखी नवी शोधावी लागतात.

चौथा टप्पा. माझा भाऊ चळवळीतला. तो म्हणाला, “ताई, ज्यांनी घर नाकारलं त्यांच्याशी मैत्री? मग आपण लढायचं कधी?” प्रश्न खोटा नव्हता. मी त्याला एवढंच म्हटलं की बाबासाहेबांनी करुणेपेक्षा मैत्री व्यापक मानली, आणि लढणं तर त्यांनी एक दिवस थांबवलं नाही. त्याला पटलं की नाही, माहीत नाही. विसुद्धिमग्गातली उपमा जास्त कामाला आली: दुसऱ्याला मारायला निखारा उचलला की आधी आपलाच हात भाजतो. (निखाऱ्याच्या जोडीला तिथे विष्ठाही आहे. बुद्धघोष भिडस्त नव्हते.) राग जातच नसेल तर स्वतःला विचारायचं, तू त्या माणसाच्या नेमकं कशावर रागावलीस? केसांवर? अंगावरच्या लवेवर? नखांवर? पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. करून बघितल्यावर कळलं, रागाला धरायला जागाच सापडत नाही.

मी मालकीणबाईंना चौथ्या टप्प्यात बसवलं होतं. वर्षभराने लक्षात आलं, त्यांनी मला घर नाकारलंच नव्हतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पाठवायच्या, ताप आला तेव्हा रात्री दोनदा वर येऊन गेल्या. खरं कळल्यावर काय केलं असतं, ते त्यांनाही माहीत नसेल. मी विचारायची वेळच येऊ दिली नाही. अजूनही त्या कधी चौथ्यात असतात, कधी दुसऱ्यात.

आता पिंपरीकडे माझं स्वतःचं घर आहे. फोटो हॉलमध्ये, दार उघडल्यावर समोरच. गेल्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूंचा विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, “माणसं आपल्यासारखी बघून घ्या, म्हणजे पुढे त्रास नको.” पाय थरथरत होते, तरी उभी राहिले. म्हटलं, “साहेब, आपल्यासारखी म्हणजे कशी, ते मिनिट्समध्ये लिहून घ्या. सगळ्यांना कळू दे.” लिहिलं कोणीच नाही. विषय पार्किंगवर गेला. खाली उतरताना तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात दाबला, एवढंच.

रात्रभर झोप नाही. पहाटे बसले. सध्या चौथ्या टप्प्यात सेक्रेटरी आहेत. अजून केसांवरच आहे मी, नखांपर्यंत पोचायचंय.